संगीतप्रकार, निवेदक आणि वारसा : तीन अमेरिकन अल्बम

नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या अवधीत अमेरिकेत प्रसिद्ध झालेले तीन अल्बम प्रस्तुत विवेचनासाठी निवडले आहेत. केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबर २०२४ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला. 'जॅपनीज ब्रेकफास्ट' या नावाने गाणाऱ्या मिशेल झाउनरचा 'फॉर मेलन्कली ब्रुनेट्स (अँड सॅड विमेन)' २१ मार्च २०२५ रोजी आला आणि रिॲनन गिडन्स व जस्टिन रॉबिन्सन यांचा 'व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो' १८ एप्रिल २०२५ रोजी. विक्रेत्यांच्या वर्गवारीत पहिला हिप-हॉप, दुसरा इंडी पॉप आणि तिसरा फोक ठरतो. परीक्षणेही बहुधा हीच वर्गवारी गृहीत धरून लिहिली जातात. त्यामुळे हे तीन अल्बम शेजारी ठेवून ऐकण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

वास्तविक ही तीन नावे एका पातळीवरची नाहीत. 'हिप-हॉप' हे १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात आकाराला आलेल्या एका सामूहिक आचाराचे नाव आहे; त्यात नृत्य, भिंतीवरील चित्रलेखन, तबकड्या फिरवण्याचे कौशल्य आणि लयबद्ध उच्चार हे सारे येते. 'इंडी' हा शब्द मुळात वितरणाच्या पद्धतीचा निदर्शक होता. ब्रिटनमध्ये १९८० साली स्वतंत्र वितरकांमार्फत विकल्या जाणाऱ्या मुद्रिकांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, आणि पुढे त्या शब्दाला शैलीचा अर्थ चिकटला. 'फोक' हे नाव उगमाविषयी दावा करते. आंब्याची जात, टोपली आणि बागाईतदार यांची एकाच यादीत गणना करावी, तसा हा प्रकार आहे. तरीही या नावांनी ऐकणाऱ्याशी तीन वेगवेगळे करार केलेले असतात. हिप-हॉपचा 'मी' साक्षीदार मानला जातो आणि त्याच्याकडून खरेपणाची अपेक्षा असते. इंडी पॉपचा 'मी' आत्मनिवेदन करतो असे समजून त्याची उत्कटता मोजली जाते. फोकमध्ये 'मी' नसतोच, तिथे परंपरा बोलते, असे गृहीत धरून अस्सलपणाची तपासणी होते. या करारांत प्रत्येकाला काहीतरी नाकारलेले असते: रॅप-कवीला कल्पितनिर्मितीचा अधिकार, इंडी गायिकेला पूर्वज आणि लोकगायकाला स्वतःचे नाव.

येथे निवडलेल्या तिन्ही अल्बमांत मध्यवर्ती असलेली कृती एकच आहे. पूर्वसूरींचे काही उचलून ते स्वतःच्या रचनेत बसवणे, ही ती कृती. पण हिप-हॉपमध्ये तिला 'सँपल' म्हणतात, इंडी पॉपमध्ये 'वाङ्मयीन संदर्भ' आणि फोकमध्ये 'परंपरा'. नावाबरोबर कायदाही बदलतो. १९९१ साली ग्रँड अपराइट खटल्याचा निकाल लागल्यापासून दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा परवानगीवाचून वापरणे अमेरिकेत धोक्याचे झाले. तेव्हापासून रॅप-रचनाकाराला आपल्या पूर्वजांचे मोल रोख मोजावे लागते. पंधराव्या शतकातील इटालियन महाकाव्याचा उल्लेख करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आणि ज्या धुनेपुढे 'पारंपरिक' असे लिहिले जाते, ती कोणाचीच नसल्यामुळे कोणालाही घेता येते.

'जीएनएक्स' या अल्बमची चर्चा प्रामुख्याने २०२४ सालच्या ड्रेक-लमार संघर्षाच्या संदर्भात झाली. त्या संघर्षातील गाजलेले 'नॉट लाइक अस' हे गीत या अल्बममध्ये नाही. तरीही विजयोत्सवाचा पुढचा अंक म्हणूनच बारा गीतांचा हा संच ऐकला गेला. अल्बमच्या काही भागाने त्याला वाव दिला आहे, हे मान्य करावे लागेल. 'टीव्ही ऑफ' किंवा 'पीकाबू' यांतील आवेश ऐकताना रंजक वाटतो. पुन्हा ऐकताना त्यात फारसे काही उरत नाही. मात्र संघर्षाच्या चौकटीत ऐकल्यामुळे अल्बमची मांडणी दुर्लक्षित राहिली. अल्बमचा पहिला स्वर लमारचा नाही. तो देइरा बरेरा या मारियाची गायिकेचा, स्पॅनिश भाषेतला आहे. तिचा आवाज पुढेही दोनदा येतो. लॉस एंजेलिस या शहराची भाषा एकच नाही, याची ही जाणीव अल्बमच्या उंबरठ्यावरच करून दिली जाते. शीर्षक १९८७ सालच्या एका ब्यूइक मोटारीचे आहे. तिच्या ५४७ प्रतीच तयार झाल्या होत्या; लमारचे जन्मवर्षही तेच. शीर्षकगीतात तो स्वतः मागे राहतो आणि हिटा जे३, यंगथ्रेट व पेसो या शहरातल्याच, बाहेर अल्पपरिचित असलेल्या गायकांना पुढे करतो. एका भूभागाची बोली, लय आणि बढाई मारण्याची रीत तेथील माणसांच्या तोंडून ऐकवणे, हा 'लोक' या शब्दाचा मूळ अर्थ असेल, तर तो या गीतात ज्या प्रमाणात आढळतो त्या प्रमाणात तो 'फोक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गिटारगीतांत आढळत नाही.

वारशाचा विचार 'लूथर' या गीतात सर्वांत सहजपणे येतो. मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी १९६७ मध्ये गायिलेले प्रेमगीत लूथर व्हँड्रॉस आणि शेरिल लिन यांनी १९८२ मध्ये पुन्हा गायिले. २०२४ मध्ये त्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाचा अंश घेऊन लमार आणि सिझा यांनी तिसरी जोडी उभी केली. शीर्षकात मधल्या पिढीचे नाव आहे. मूळ रचनेकडे थेट न जाता, ती ज्याच्या गळ्यातून ऐकली त्याचे ऋण मान्य करणे, हा मौखिक परंपरेचा संकेत येथे यंत्राच्या साहाय्याने पाळलेला दिसतो.

'रीइनकार्नेटेड' हे गीत मात्र या संपूर्ण अल्बमचा गाभा आहे. तुपाक शकूरच्या एका गीताच्या ध्वनीवर ते उभे आहे. याच तुपाकशी लमारने २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'च्या अखेरीस, १९९४ सालच्या एका मुलाखतीचे तुकडे जोडून, कल्पित संवाद साधला होता. 'रीइनकार्नेटेड'मध्ये निवेदक आपले दोन पूर्वजन्म सांगतो. पहिल्या जन्मात तो गिटार वाजवणारा कृष्णवर्णीय पुरुष आहे, दुसऱ्यात व्यसनाने संपलेली कृष्णवर्णीय गायिका. नावे उच्चारलेली नाहीत. श्रोत्यांनी जॉन ली हुकर आणि बिली हॉलिडे यांच्याशी ती जुळवली आहेत. तिसरा जन्म वर्तमानातला. तेथे निवेदकाचा पित्याशी संवाद होतो, आणि तो पिता हळूहळू परमेश्वराच्या पातळीवर जातो. भारतीय वाचकाला येथे जातककथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जातकाच्या अखेरीस 'तो मीच होतो' अशी ओळख पटवली जाते आणि कथेला अधिकार प्राप्त होतो. परंतु साम्य येथेच संपते. जातकात ओळख पटवणारा स्वतः बुद्ध असतो; त्याच्या सांगण्यावर शंका घेणारा कोणी नसतो. लमारच्या गीतात मात्र निवेदकाच्या ओळखीवर दुसरा आवाज हक्क सांगतो आणि यशायाच्या चौदाव्या अध्यायाचा निर्देश करून त्याला स्वर्गातून पडलेला देवदूत ठरवतो. येथे पुनर्जन्म आत्म्याचा होत नाही. गुणवत्तेचा होतो, आणि तिच्याबरोबर तिचा शापही येतो. कर्मविपाकाची चौकट लावून हे गीत वाचणे त्यामुळे फसवे ठरेल. त्याची चौकट बायबलची आहे, शब्द तेवढा पूर्वेकडचा.

गीताच्या शेवटी निवेदक आपल्या शब्दांचा उपयोग सलोख्यासाठी करण्याचे वचन देतो. अल्बममधील त्यापुढचेच गीत ते वचन मोडते. काही समीक्षकांना ही विसंगती वाटली. परंतु वचन देणारा 'मी' आणि ते मोडणारा 'मी' या दोन भूमिका आहेत, असे मानले तर त्या दोहोंमधला ताण हाच अल्बमचा आशय ठरतो. साक्षीदाराकडून ही मुभा कोणी देत नाही. कवीला ती नेहमीच मिळालेली आहे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित नाही. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर दलित आत्मकथने सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचावीत की वाङ्मयीन रचना म्हणून, या वादात बरीच शाई खर्ची पडली. दस्तऐवज म्हणून होणाऱ्या वाचनात गौरव होता, पण त्या गौरवात रचनाकाराचे कर्तृत्व अनुभवाच्या खात्यावर जमा होत असे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, एवढे ध्यानात घेतले तरी या दोन वाचनव्यवहारांतील साम्य तुलनाकाराने उसने आणलेले नाही, हे स्पष्ट व्हावे. लमारच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ मध्ये संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात आणि जॅझ या क्षेत्रांबाहेरील कृतीला ते प्रथमच लाभले. त्यानंतरही त्याच्या गीतांतील निवेदकाला लेखकापासून वेगळे करण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. शेवटचे 'ग्लोरिया' हे गीत याचे उदाहरण आहे. प्रेयसीशी चाललेला हा वाद प्रत्यक्षात लेखणीशी आहे, हे अखेरीस उमगते. हिप-हॉपमध्ये अशा रूपकाची परंपरा आहे. कॉमनने १९९४ मध्ये हिप-हॉपलाच स्त्रीरूप दिले होते आणि नॅसने १९९६ मध्ये पिस्तुलाला वाचा दिली होती. त्या दोन्ही रचनांच्या तुलनेत 'ग्लोरिया' फिके आहे. लेखणीला मत्सरी प्रेयसीच्या ठरीव भूमिकेत कोंडल्यामुळे रूपक कोड्यासारखे उलगडते आणि उलगडल्यावर संपते.

'जीएनएक्स'च्या निर्मितीत साउनवेव्हबरोबर जॅक अँटोनॉफचे नाव बहुतेक गीतांवर आहे. अँटोनॉफ हा इंडी पॉपमधून आलेला संगीतकार. म्हणजे ज्या दोन खणांच्या भिंती परीक्षणांत अभेद्य आहेत, त्या स्टुडिओत केव्हाच पडलेल्या आहेत.

मिशेल झाउनरच्या बाबतीत आत्मनिवेदनाचा करार विशेष जाचक ठरण्याचे कारण तिचे पुस्तक आहे. कोरियन आईच्या मृत्यूविषयीचे 'क्राइंग इन एच मार्ट' हे आत्मकथन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमाप वाचले गेले. तिच्या आधीच्या अल्बमांतही त्या दुःखाची छाया होती. ती पुन्हा स्वतःविषयी सांगेल, आणि सांगताना कोरियन-अमेरिकन जीवनाविषयी माहिती देईल, अशी अपेक्षा श्रोत्यांची झाली असल्यास नवल नाही. नव्या अल्बमने ती अपेक्षा पूर्ण केलेली नाही. यातील निवेदक बहुशः कल्पित आहेत. 'लिटल गर्ल'मध्ये मुलीपासून दुरावलेला बाप बोलतो. 'हनी वॉटर'मध्ये बाहेरख्याली पुरुषाची पत्नी. 'मेन इन बार्स'मध्ये अभिनेता जेफ ब्रिजेसच्या साथीने एका विस्कटलेल्या नात्याचे दोन पक्ष. 'मेगा सर्किट' हे संतापात वाढणाऱ्या तरुण पुरुषांविषयीचे गीत आहे. त्यातील स्त्रीनिवेदक त्यांचा धिक्कार करत नाही आणि त्यांना क्षमाही करत नाही. अल्बममधील हे सर्वांत अस्वस्थ करणारे गीत, आणि सर्वांत चांगलेही.

पूर्वजांची निवड येथे ग्रंथालयातून झाली आहे. 'ऑर्लँडो इन लव्ह' या गीताचे नाव बोइआर्दोच्या 'ऑर्लँडो इन्नामोरातो' या महाकाव्यावरून आले आहे आणि तेही थेट नाही, जॉन चीव्हरमार्गे. (येथेही 'लूथर'प्रमाणे मधल्या पिढीचे माध्यम आहे, ही गोष्ट लक्षणीय.) बोइआर्दोचे काव्य १४९४ मध्ये त्याच्या मृत्यूने एकोणसत्तराव्या सर्गात अर्ध्यावर थांबले, त्याचा धागा पुढे आरिओस्तोने उचलला आणि १५१६ मध्ये 'ऑर्लँडो फुरिओसो' सिद्ध झाले. पश्चिमेच्या वाङ्मयेतिहासात दुसऱ्याची अपुरी रचना पुढे नेण्याचे हे सर्वांत प्रतिष्ठित उदाहरण असावे. झाउनर त्याच खंडित जागेवर आपले गीत ठेवते. तिचा नायक समुद्रकाठी आपली फिरती गाडी उभी करून बसलेला एक भाबडा कवी आहे आणि त्याला सागरकन्येची हाक येते. महाकाव्याचा वीर अडीच-तीन मिनिटांच्या गीतात एवढासा होऊन बसतो, यातला विनोद सौम्य आहे. 'मॅजिक माउंटन' हे अखेरचे गीत थॉमस मानच्या १९२४ सालच्या कादंबरीचे नाव धारण करते. 'लीडा' ग्रीक पुराणाचे. हे संदर्भ परीक्षणांत प्रामुख्याने अलंकार म्हणून नोंदवले गेले. हिप-हॉपच्या परीक्षणात सँपलचा उगम शोधणे हे कर्तव्य मानले जाते आणि त्यावरून वंशावळ मांडली जाते. बोइआर्दोचे नाव आले की मात्र गायिकेच्या वाचनाचे कौतुक करून पुढे जाता येते. वस्तुतः कोरियन आईची मुलगी युरोपीय पुरुषांच्या ग्रंथांना आपले पूर्वज म्हणून निवडते आणि त्यातील पुरुषांच्या विषादाकडे काहीशा मिस्कील नजरेने पाहते, यात वारशाविषयीची भूमिका आहे. ज्याची अपेक्षा होती तो वारसा येथे मुद्दाम बाजूला ठेवलेला आहे.

अल्बमचे न्यून निराळ्या ठिकाणी आहे. निर्माता ब्लेक मिल्सची ध्वनिरचना इतकी घोटीव आणि एकजीव आहे की, बाप, पत्नी, कवी हे सारे एकाच मंद प्रकाशात उभे राहतात. भूमिका बदलतात, पण त्यांच्या बोलण्याची लय बदलत नाही. कल्पित निवेदकाचा स्वीकार शब्दांनी केला आणि स्वरांनी तो केला नाही, असे काहीसे झाले आहे. 'मेन इन बार्स'मध्ये दुसरा गळा प्रत्यक्ष येतो तेव्हाच ही एकतानता मोडते.

गिडन्स आणि रॉबिन्सन यांचा अल्बम साहित्यसमीक्षकाला अडचणीत टाकतो; कारण फिडल आणि बँजो या दोन वाद्यांवरील या अठरा रचनांत शब्द थोडे आहेत आणि जे आहेत ते पिढ्यान् पिढ्या इकडून तिकडे गेलेले. त्यातील प्रतिपाद्य समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. बँजोचे पूर्वरूप आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर अमेरिकेत आले. दक्षिणेकडील खेड्यांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय वादक दीर्घकाळ त्याच धुना वाजवत होते. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ची विक्री पाहून कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स'ची वेगळी यादी काढली. १९२३ मध्ये फिडलिन जॉन कार्सनच्या यशानंतर गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी 'हिलबिली' यादी आली. एकीत ब्लूज, दुसरीत फिडल. फिडल वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस या दोन्ही याद्यांत फारसा बसेना, आणि जे मुद्रित झाले नाही ते नव्हतेच, असा समज रूढ झाला. संगीतप्रकारांच्या आजच्या सीमांखाली ही जुनी वर्णरेषा आहे. त्यामुळे हिप-हॉप, इंडी आणि फोक यांची तुलना केवळ शैलींची तुलना राहू शकत नाही.

नॉर्थ कॅरोलायनातील मेबन गावचा जो थॉम्पसन (१९१८-२०१२) हा अशा यादीबाहेरच्या वादकांपैकी एक. २००५ मध्ये गिडन्स, रॉबिन्सन आणि डॉम फ्लेमन्स हे तिघे त्याच्याकडे शिकू लागले आणि त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा वृंद उभा राहिला. त्यांच्या 'जेन्युइन नीग्रो जिग' या अल्बमला २०११ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. भारतीय वाचकाला येथे गुरुशिष्यपरंपरा दिसेल, पण ती उपमा जपून वापरावयास हवी. गिडन्स ओबर्लिन येथे ऑपेरागायनाचे रीतसर शिक्षण घेतलेली. तिला हा वारसा घरातून मिळालेला नाही. शोधून, प्रवास करून, वृद्ध वादकासमोर बसून तो घेतलेला आहे. घराण्यात साखळी अखंड असल्याचा दावा असतो. येथे साखळी तुटली होती हेच प्रारंभीचे गृहीत आहे. या अर्थाने थॉम्पसनची निवड ही झाउनरने केलेल्या बोइआर्दोच्या निवडीहून स्वरूपतः वेगळी नाही.

वेगळे आहे ते नाव घेण्याचे महत्त्व. लोकगीत अनामिक असते, या कल्पनेने अनेकांचे कर्तृत्व गिळले आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्याच एलिझाबेथ कॉटनने लहानपणी रचलेले 'फ्रेट ट्रेन' १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये दुसऱ्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवले होते. तिचे श्रेय तिला मागाहून मिळाले. जात्यावरील ओव्यांच्या संकलनात हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवण्याचा जो आग्रह धरला, त्याचे मोल अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर कळते. प्रस्तुत अल्बममध्ये थॉम्पसन आणि गिटार-बँजोवादक एटा बेकर यांची नावे तर आहेतच. शिवाय ध्वनिमुद्रण त्यांच्या घरांच्या परिसरात, उघड्यावर केलेले आहे. तिसरे स्थळ मिल प्राँग, म्हणजे एकेकाळचा गुलामीवर चाललेला मळा. 'पारंपरिक' या शब्दाने पुसला जाणारा पत्ता अशा रीतीने ध्वनीतच मिसळला आहे.

त्या ध्वनीत सिकाडा किड्यांची कर्कश किरकिर सतत आहे. तेरा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या चक्रातील दोन सिकाडा-पिढ्या २०२४ च्या वसंतात एकाच वर्षी जमिनीबाहेर आल्या. याआधी हे १८०३ मध्ये घडले होते. तेव्हा मिल प्राँगच्या आवारात फिडल वाजवणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असता. अल्बम हे बोलून दाखवत नाही. 'ब्राउन्स ड्रीम' किंवा 'हुक अँड लाइन' ऐकताना रॉबिन्सनचे फिडल पुढे जाते, गिडन्सचा बँजो त्याला खालून उचलतो. जो थॉम्पसन आणि त्याचा बँजोवादक चुलतभाऊ ओडेल यांच्या जोडीची ती रचना आहे. तक्रार करायची तर अल्बम या आकाराविषयी करावी लागेल. या नाचाच्या धुना आहेत. नाचणारे दमेपर्यंत त्या चालाव्यात अशी त्यांची घडण आहे. तबकडीच्या काळात त्यांना मिनिटांचे बंधन पडले, आणि ते बंधन उरलेले नसतानाही येथे अठरा धुना ओळीने, थोडक्या वेळात आटोपून, पुढच्या धुनेला जागा करून देतात. लय अंगात भिनू लागते तोच रचना थांबते, आणि मधल्या शांततेत सिकाडा तेवढे वाजत राहतात.